इंजिनात कुंभारणीचं घर

परभणीतून मी निघालो तेव्हा सूर्य अजून अंथरुणात होता. माझी मोटारसायकल सुरू झाली आणि तो दचकून उठला. ही लष्करी लिलावातली गाडी सिकंदराबादेहून मी आणि राजय्यानं मिळून आणली होती. मी पुढं, तो मागं. वाटेत पेट्रोल संपलं तेव्हा तिला मी नुसत्या शिव्यांवर दहा कोस पळवली. असं काही मी सांगू लागलो की राजय्या मागून ओरडायचा, "आधा कम करो जी!" (निम्मं कमी करा!)

राजय्या चारठाण्याच्या शाळेत मास्तर, घरचा तेलुगू. निजामाचं राज्य गेलं, आता राज्यांची फेरमांडणी झाली, मराठवाडा मुंबईला जोडला गेला आणि राजय्याची बदली हैदराबादेकडं. निरोप आला होता: दुपारच्या प्रवासी मोटारीनं निघतोय, जमलं तर ये. परभणीत मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनिंगमधलं अख्खं जग मला ओळखतं, पण निम्मं कमी करा म्हणणारा हा एकच. ती मोटार गाठायचीच होती.

पावसाळाभर गाडी छपराखाली उभी होती. इथल्या काळ्या चिखलात हत्ती रुतेल, तिथं गाडीचं काय! आता रस्ते वाळले होते. झरी गाव मागं पडलं आणि पायाला काहीतरी ऊन ऊन लागलं. पाहतो तर विजार गुडघ्यापर्यंत काळी, आणि मागं रस्त्यावर तेलाची अशी धार की दुधनेला नवी उपनदी मिळाली म्हणावं. इंजिनातलं तेल संपलं की गाडी जागेवर आवळून बसते. थांबावंच लागलं.

दोन्ही अंगांना कापसाचं पांढरं रान. वारासुद्धा नव्हता. मी गाडीशी थोडा वेळ बोललो, पण एकट्यानं किती बोलणार?

तेल झाकणाच्या सांध्यातून येत होतं. झाकण खोललं, वहाणेचं आतलं कातडं कापून सांध्यात नवं पॅकिंग बसवलं. गाडी चालू केली, तर तेल आता पलीकडच्या सांध्यातून!

"काय करायलास रं बाबा?" रान राखणारी एक म्हातारी खोपीतून (गवताच्या झोपडीतून) बाहेर आली होती.

"आजी, मूठभर पीठ मिळंल का?"

"भूक लागली व्हय?"

"मला न्हाई, इंजिनाला."

"आता गं बया! भाकरी थापायलास का तिच्यावर?"

पण पीठ आणलं तिनं. मी रॉकेलच्या बोळ्यानं इंजिन पुसून कोरडं केलं आणि वर ज्वारीचं पीठ भुरभुरलं. गळती जिथली असेल तिथं पिठावर पहिली ओल उमटणार. गाडी चालू केली. ओल आली ती सगळ्याच सांध्यांतून एकदम, घाम फुटावा तशी.

म्हणजे सांधे धडधाकट होते, आत काहीतरी कोंडलं होतं. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर पडायला मागं एक नळी असते. तिच्या तोंडात बोट घातलं तर टणक माती. छपराखाली असताना कुंभारणीनं (मातीचं घर बांधणाऱ्या माशीनं) तिथं संसार थाटला होता. हवेला वाट उरली नव्हती, म्हणून ती फट दिसेल तिथून तेल ढकलत होती.

मी खिळा काढला. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"मोडू नको! आत लेकरं असत्यात तिची. कुंभारणीनं घर केलं म्हंजी पाळणा हलतो. बायकू हाय का घरी?"

"न्हाई."

"आई?"

"न्हाई."

"मंग हाय कोण?"

"कोण न्हाई," मी म्हणालो. यात वाढवण्यासारखं मला काही सापडेना.

तिनं मनगट सोडलं नाही. शेवटी मी अख्खी नळीच उपसून तिच्या हातात ठेवली. उघड्या भोकातून इंजिनानं श्वास सोडला. पुन्हा पीठ टाकलं, ते कोरडंच राहिलं. म्हातारीनं नळी खोपीच्या वळचणीला बांधली, मला भाकर आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि बैलगाडीच्या आखाला घालायचं एरंडेल इंजिनात ओतायला दिलं. त्या एरंडेलाचा धूर असा पसरला की जिंतूरपर्यंतच्या गावांची पोटं साफ झाली आणि वैद्य धंदा सोडून शेतीला लागले.

चारठाण्याची जुनी देवळं दिसली तेव्हा मोटार सुटलीच होती. मी गाडी तिच्या बगलेला घातली. खिडकीत राजय्या.

"इतना लेट?" (एवढा उशीर?)

"इंजिनात कुंभारणीनं सात मजली महाल बांधला होता! दारात पहारेकरी होते!"

तो हसत होता, की डोळ्यांत धूळ गेली होती, कोण जाणे. "आधा कम करो जी!" एवढं ऐकू आलं. मग धुरळाच धुरळा.

परत येताना मागची बैठक मोकळी असल्यानं गाडी खड्ड्यागणिक उडत होती. खोपीशी थांबलो.

"गावला का दोस्त?" म्हातारीनं विचारलं.

"गावला की! पोटभर जेवलो दोघं. मोटार थांबवून ठेवली त्यानं माझ्यासाठी."

"लय चांगलं झालं बाबा," ती म्हणाली. तिला सगळं खरं वाटलं.

ती काहीच कमी करायला सांगेना.

घरी गळती कळावी म्हणून गाडीखाली पत्रा ठेवून झोपलो. सकाळी पत्रा कोरडा होता. तेव्हा मंडळी, हा प्रवास निम्मा कमी करून वाचा. धुराचं तर पाऊण कमी करा. मागच्या बैठकीचं मात्र काही कमी करू नका.