सुकतीची लाँच

वनिता गेली त्या सकाळी मी जेटीवर पाव आणायला गेलो होतो. पाव घेऊन सरळ घरी येणाऱ्यांतला मी नाही. करंज्याहून येणारी पहिली लाँच रेवसला लागेपर्यंत थांबायचं, कोण उतरलं, कोण चढलं ते बघायचं आणि घरी जाऊन बायकोला तिखटमीठ लावून सांगायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. तेवढ्यात शेजारची सुरेखा धावत आली. "काका, घरी चला..." एवढंच म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरूनच मला समजलं. वनिता दारातल्या पायरीवर नेहमीसारखी बसलेली होती. खांबाला डोकं टेकलेलं, शेजारी निवलेला चहा. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. आयुष्यभर मी तिला सांगत आलो, अगं, एक तर आत बस नाहीतर बाहेर बस, दारात काय बसतेस! जातानाही बाईनं ऐकलं नाही माझं.

मी मूळचा पालीचा. अलिबागच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा उरणला मावशीकडे राहायचो आणि रोज करंजा-रेवस लाँचनं खाडी ओलांडायचो. वनिता उरणजवळच्या एका गावातली, अलिबागच्या दवाखान्यात नर्स. तिच्या घरची मिठागरं. मी डोंगराकडचा माणूस, लाँच हलली की दांडा घट्ट धरून बसायचो. एके दिवशी समोरून आवाज आला, "अवो, सोडा तो दांडा, त्याचा जीव गुदमरंल." सगळी लाँच हसली. मला असा राग आला म्हणता! दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाठ करून बसलो. तिसऱ्या दिवशी तिनं आवळकाठी पुढं केली, "घ्या पालीकर, मळमळ थांबते." तेव्हापासून मी पालीकर झालो तो शेवटपर्यंत. लग्नानंतरही तिनं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. चिडली की मात्र "अवो पालीकरसाहेब" म्हणायची.

रोजची ती अर्धीमुर्धी घटका... तेवढाच आमचा वेळ. उतरलं की ती बायकांच्या घोळक्यात आणि मी एस्टीच्या रांगेत. एकदा मी तिला विचारलं, तू लाँचमध्ये एवढी बडबडतेस आणि अलिबागच्या बाजारात भेटलीस तर ओळखही देत नाहीस, असं का? ती हसली नाही. म्हणाली, "घरी मी थोरली पोर, सगल्यांचं करनारी. दवाखान्यात मी सिस्टर. हितं मधे मी कोनीच नसते, म्हनून मी मी असते." मला तेव्हा ते नीट कळलं नाही, पण अंगावर काटा आला. कारण माझंही तेच होतं. आम्ही बौद्ध. गावात कुणी "तुम्ही कुठले हो?" असं विचारलं की त्याला गावाचं नाव नको असतं, आळीचं हवं असतं, हे मी लहानपणीच शिकलो होतो. लाँचमध्ये मात्र मला कुणी आळी विचारली नाही. तिथं मी फक्त दांडा धरून बसणारा पालीकर होतो.

लग्नाचं काढलं तेव्हा दोन्ही घरांत वणवा पेटला. तिच्या आईनं अन्न टाकलं. माझी आई म्हणाली, "ज्यांच्या हंड्याला आम्ही शिवलेलं चालत नव्हतं, त्यांची पोरगी आणून ओवाळू होय?" वनितानं मला स्पष्टच सांगितलं होतं, पळून लग्न करणार नाही, दोघांच्या आया एका पंक्तीत जेवल्या तर लग्न, नाहीतर नाही. आता ह्या दोघी एका पंक्तीत! मी हातपाय गाळले. एकमेकांच्या घरी जायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी चौलला माझ्या एका मित्राच्या वाडीत सगळ्यांनी भेटायचं ठरलं. दिवस कोणता धरू, असं मी वनिताला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या आईंना पौर्निमा चांगली वाटंल, नाय का?" मला पटलं. माघी पौर्णिमा धरली आणि सगळ्यांना निरोप दिले. मुहूर्त मी काढला, अशी शेखी पण मिरवली.

चौलची भेट म्हणजे काय सांगू! सुपारीखाली दोन बाजांवर दोन घरं, मधे मी आणि माझा मित्र चहाचे कप घेऊन इकडून तिकडे. कुणी कपाला हात लावला नाही. आईनं मावशीकडून पहाटे करून आणलेला भाकरी-भाजीचा मोठा डबा उघडलासुद्धा नाही. बोलणं हवापाण्यावरून पुढं सरकेना. दुपार कलल्यावर सगळे उठले. माझे आईवडील मावशीकडे उतरलेले, त्यामुळे परतायचं दोघांनाही खाडीपलीकडेच, म्हणून रेवसला एकाच लाँचमध्ये चढावं लागलं. ते पुढच्या टोकाला, आम्ही मागच्या. मी मनातल्या मनात वनिताचा निरोप घेतला होता, खोटं कशाला बोलू.

आणि करंज्याची जेटी समोर दिसत असताना लाँच गाळात बसली. पौर्णिमेचं उधाण, दुपारी भरती जेवढी मोठी तेवढीच संध्याकाळची सुकती खोल. तांडेल निवांतपणे म्हणाला, "पानी येईतो बसा आता." सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा दिवस कोणी धरला? पालीकरांनी! डोंगरातल्या माणसाला पाण्याची अक्कल ती किती, असं तिचे काका मोठ्यानं म्हणाले आणि माझ्या वडिलांनीही चक्क मान डोलावली. त्या दिवसातलं दोन्ही घरांचं ते पहिलं एकमत. ऊन उतरलं, गार वारा सुटला, सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. वनिताचा धाकटा भाऊ जगन भुकेनं कळवळायला लागला. माझ्या आईनं थोडा वेळ बघितलं आणि मग पुटपुटत डबा उघडला, "पोराला उपाशी ठेवायचं का आता?" जगननं भाकरी खाल्ली. मग काकांनी. डबा हातोहात पुढं सरकत वनिताच्या आईपर्यंत गेला. म्हातारीनं घास तोंडात घातला, चावला, तोंड वाकडं केलं. "मीठ न्हाय यात!"

खरंच नव्हतं. पहाटे काळजीच्या भरात आई मीठ घालायला विसरली होती. आईचा चेहरा पडला. तशी ती म्हातारी उठली, डुगडुगत मागच्या टोकाला आली, कमरेच्या बटव्यातून खड्याचं मीठ काढलं. मळमळ होऊ नये म्हणून ती ते जवळ ठेवायची. तिनं ते बोटांनी चुरून भाजीवर टाकलं आणि आईच्या शेजारी बसत म्हणाली, "आता खा तुमी. माज्या आगरातलं हाय." आईनं खाल्लं. पाणी चढून लाँच सुटेपर्यंत दोघी सांधेदुखीवर बोलत होत्या. लग्न वैशाखात झालं.

घर आम्ही रेवसला जेटीजवळ घेतलं. ना तिचं माहेर, ना माझं पाली. नातेवाईक म्हणायचे, तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. वनिता ठसक्यात म्हणायची, "आमी मधले." जनगणनेवाल्या बाईंनाही तिनं तेच ऐकवलं होतं, बिचाऱ्या गोंधळून गेल्या. लाँचमध्ये चढताना तिच्या पिशवीत नेहमी मोठा डबा असायचा आणि डब्याच्या वरच्या कप्प्यात खडेमिठाची छोटी डबी. अडकलेल्या अख्ख्या लाँचला तिनं कितीदा जेवू घातलं असेल! आणि प्रत्येक वेळी, "आमच्या पालीकरांनी एकदा पौर्निमा धरलेली..." हा किस्सा. मी तो निमूट ऐकून घ्यायचो. चूक माझीच होती ना.

वनिताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर जगन माझ्याजवळ बसला. आता त्याचे चार ट्रेलर आहेत, पण रडताना तो अजून तसाच नाक ओढतो. माझा मुलगा निखिल पनवेलला राहतो. "बाबा, आता इथं कोण आहे तुमचं? चला माझ्याकडे," म्हणून तो मागं लागला होता. विषय बदलावा म्हणून मी पौर्णिमेचा किस्सा काढला. जगन म्हणाला, "दाजी, तुमाला खरंच म्हाईत न्हाय? उधानाचं पानी आगरात घेतो आमी. पौर्निमेला पानी कवा चढतं, कवा सुकतं, आमच्यात शेंबडं पोरपन सांगंल. मी तवाच ताईला बोललो, लाँच अडकंल. तर बोलली, गप बस, अडकाया पायजे!"

मी हसायला लागलो. इतका हसलो की निखिल पाणी घेऊन धावला. काय म्हणावं या बाईला! सगळा संसार होईस्तोवर खापर माझ्या डोक्यावर फोडलं आणि समोर बसून हसत राहिली. दोन काठांवर जे होणार नव्हतं, ते मधे होईल हे तिला ठाऊक होतं... मला ती केवढी हवी होती हे मला माहीत होतं. तिलाही मी तेवढाच हवा होतो, हे मात्र ती गेल्यावर जगनच्या तोंडून ऐकलं.

परवाच्या पौर्णिमेला जगनकडे जेवायला गेलो आणि मुद्दाम संध्याकाळच्याच लाँचनं परत निघालो. तो थांबा म्हणत होता, मी थांबलो नाही. सकाळी स्वतः भाजी करून वनिताचा डबा भरून घेतला होता. खाडीत आता पुलाचे खांब उभे राहिलेत. होईल तेव्हा होईल पूल. लाँच निघाली आणि रेवसच्या अलीकडे व्यवस्थित गाळात बसली. शेजारी एक कॉलेजातली मुलगी फोन वर धरून रेंज शोधत होती, अगदी रडकुंडीला आलेली. मी डबा उघडून पुढं केला. तिनं लाजत लाजत घास घेतला आणि म्हणाली, "काका, राग मानू नका... मीठ नाहीये यात."

वरच्या कप्प्यातली छोटी डबी मी उघडली. वनितानं भरलेली, काठोकाठ. ती गेल्यापासून मी डबीला हात लावला नव्हता. दोन खडे घेतले, चुरले, भाजीवर टाकले. मुलगी जेवली, मी जेवलो, पलीकडच्या बाकावरचे दोघेही जेवले. पनवेलला यायला जमणार नाही, हे निखिलला उद्या सांगायचं ठरवून टाकलं.

"काका, तुम्ही कुठले? करंज्याचे की रेवसचे?" पाणी चढायला लागलं तेव्हा त्या मुलीनं विचारलं.

"आम्ही मधले," मी म्हणालो.