ज्योतिबाचं चार फुटी विमान

ज्योतिबानं हवाई दलात वीस वर्षं विमानांचे पत्रे दुरुस्त केले. निवृत्त होऊन रहिमतपूरला आला तो एक मालवाहू विमान डोक्यात घेऊनच. त्याची प्रतिकृती करायची म्हणून त्यानं प्लॅस्टिकचा तयार संच मागवला, पण एकही भाग मनासारखा नव्हता. चाकं तेवढी ठेवली, बाकी सगळं स्वतः केलं. सरबताच्या डब्यांचा पत्रा कापून अंग मढवलं, इंजेक्शनच्या सुईनं एकेक रिव्हेट उठवला, आतल्या बाकांना जवानांचे पट्टेसुद्धा लावले. सहा वर्षं गेली. पंखांचा पसारा चार फूट. बायको राणी म्हणायची, "पोरगं झालं असतं तर एव्हाना शाळंत गेलं असतं."

साताऱ्यात एका शिक्षणसंस्थेनं प्रदर्शन भरवलं, तिथं त्यानं विमान मांडलं. लोक यायचे, सेल्फी काढून पुढं जायचे. एसटीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालेला तात्याबा मात्र तासभर वाकून बघत राहिला. शेवटी डाव्या पंखाखाली बोट नेऊन म्हणाला, "हितं ठिगळ हाय. चुकून न्हाई, मुद्दाम केलंय. व्हय न्हवं?"

"खऱ्या विमानाला हुतं. मीच मारल्यालं."

"आन् तेलाचा वघळ खाली न्हाई, मागं गेलाय. उडताना तसाच जाणार." तात्याबानं हात जोडले. "गड्या, जल्म गेला माझा पत्र्यात. असलं काम बघितलं न्हाई."

ठिगळ बघणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं होतं.

समारोपाला संस्थेचे अध्यक्षही विमानावर खूश झाले. इतके, की त्यांनी भाषणातच जाहीर केलं, "ही कलाकृती आपल्या पाहुण्यांना भेट!" पाहुणे सांगलीचे बडे कारखानदार. ज्योतिबाला कुणी विचारलंच नव्हतं. टाळ्या पडल्या, कुणीतरी त्याला व्यासपीठावर ढकललं. हुकूम पाळायची जुनी सवय. त्यानं स्वतःच्या हातानं विमान दिलं. फोटोत तो हसताना दिसतो.

विमान गाडीत मावेना. ड्रायव्हरनं दोन्ही पंख मोडून डिकीत घातले. तात्याबा "आवं, थांबा, थांबा!" करत धावला, तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.

महिन्याभरानं ज्योतिबा हत्यारांची पिशवी घेऊन सांगलीला गेला. बंगल्याच्या दिवाणखान्यात विमान होतं. पंख चिकटवले होते, पण डावा उजवीकडं, उजवा डावीकडं, पंखांची खालची बाजू वर करून.

पाहुण्यांनी आग्रहानं चहा पाजला. "काय कला आहे हो तुमच्या हातात!"

"साहेब, पंख उलटे बसलेत. एक दिवस द्या, नीट करतो."

"राहू द्या. कुणाला कळतंय?"

ज्योतिबानं चहा संपवला आणि पिशवी न उघडता एसटी धरली.

पुढच्या वर्षी अध्यक्षांचा फोन आला. "यंदा हेलिकॉप्टर करा की! त्या विमानाचं अजून नाव निघतं."

"न्हाई जमायचं, साहेब. नजर गेली माझी."

फोन ठेवून त्यानं पेपर उघडला आणि चष्म्याशिवाय बारीक बारीक जाहिराती वाचत बसला. राणीनं सगळं ऐकलं होतं. तिनं हत्यारांची पिशवी उचलून माळ्यावर ठेवली.