दाराच्या आतला शिक्का

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अभिमानाच्या आधी लाज वाटते. कागदावर तपास चोख होता. माल मिळाला, आरोपी सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण त्याच तपासात एक सज्जन माणूस माझ्या हुकमावरून पाच दिवस कोठडीत बसला होता. हे कुठल्याच अहवालात ठळकपणे आलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही.

ब्रह्मपुरीच्या पुढे, वैनगंगेच्या पट्ट्यातल्या एका गावी मी तेव्हा ठाणेदार होतो. धानाचा मुलूख. तक्रारी म्हणजे बांधावरची भांडणं, मोटारपंपाच्या चोऱ्या, वाघानं बैल मारला की रस्ता रोको. अशा ठाण्यात एका सकाळी गावातले निवृत्त डॉक्टर आले आणि म्हणाले, "साहेब, माझी मोटार गेली."

मोटार साधी नव्हती. इंग्लंडात बनलेली, दोन माणसांपुरती, बिनछताची. कोळशाच्या खाणीवरचा एक गोरा साहेब मायदेशी परतला तेव्हा डॉक्टरांच्या वडिलांनी ती घेतली होती. पुढे कित्येक वर्षं ती गोठ्यात पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. डॉक्टरांनी ती गावातल्या मिस्त्रीकडे दिली. सगळा गाव त्याला भाई म्हणतो, मीही तेच म्हणतो. भाईचा बापही राइस मिलची इंजिनं दुरुस्त करायचा.

भाईनं तीन वर्षं त्या गाडीवर घालवली. बाहेरून सगळं जुन्यासारखं ठेवलं: लांब बॉनेट, गोल दिवे, तारांची चाकं. आत मात्र जपानी इंजिन, पाच गिअर, डिस्क ब्रेक आणि रेडिएटरला विजेचा पंखा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात जुनं इंजिन चार कोसांत उकळलं असतं. डॉक्टरांची इच्छा एवढीच होती, की बायकोला शेजारी बसवून एकदा नागभीडपर्यंत जाऊन यावं. गाडी ताब्यात मिळायला आठवडा उरला असताना ती भाईच्या शेडमधून नाहीशी झाली. कुलूप तुटलेलं नव्हतं. कुणीतरी किल्लीनं उघडून, गाडी काढून, पुन्हा व्यवस्थित लावलं होतं. आणि दोन्ही किल्ल्या भाईच्या कमरेला होत्या.

मी भाईला ठाण्यात बोलावलं. तीन वर्षांत शेडमध्ये कोण कोण येऊन गेलं, त्याची यादी मागितली. त्यानं सांगितली: रंगारी, सीटचं काम करणारा, पार्ट आणून देणारा, गाडी बघायला आलेले हौशी लोक, मोहर्लीकडच्या, वाघ बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या एका रिसॉर्टचा मालक, जो आपल्या जिप्स्या भाईकडेच दुरुस्त करून घ्यायचा. मी फोनवरून चौकशी केली. सगळे गोड बोलले. रिसॉर्टवाला तर सर्वांत गोड बोलला.

मग डॉक्टर सहज बोलून गेले की जुन्या गाडीला पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. त्यांच्या गाडीचा वाळवीनं खाल्ला होता आणि तो नवा करायला अहेरीकडचा कुणी सुतार महिना-महिना राहून गेला. हा सुतार यादीत नव्हता.

"सुतार कोण?" मी भाईला विचारलं.

तो कमरेच्या किल्ल्या चाचपत राहिला.

"लाकूड कुठून आणलं?"

"साहेब, जे मालूम होतं ते सांगतलं. गाडी मी नाई नेली, अल्लाकसम. बाकी मले काई विचारू नका."

पोलिसाला 'विचारू नका' म्हणणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी एक सूत्र पाळत आलो होतो: जो नाव लपवतो, तो साथीदार लपवतो. ऐन बाजाराच्या दिवशी मी त्याला दुकानातून उचललं, अटक दाखवली आणि पोलीस कोठडी घेतली.

हात उचलला नाही, हे खरं. पण जीभ आवरली नाही. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो. त्याच्या बापाची अब्रू काढली. तो भिंतीकडे बघत बसे. जेवण आलं की अर्धं खाई आणि डबा स्वतः धुऊन ठेवी. आमचा हवालदार मुरलेला गडी. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, हा चोर नाई वाटत. चोर जेवण पुरं खाते." मी त्यालाही झापलं.

चौथ्या दिवशी टीप आली. मोहर्लीच्या गेटवर जिप्सी चालवणारा एक पोरगेलासा गडी अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा. त्यानं कळवलं, की एका रिसॉर्टच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बुटकी हिरवी मोटार आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांसाठी ती आणली म्हणतात. डॉक्टरांची गाडी लाल होती. तरी मी निघालो. ओळख पटवायला भाईला कोर्टाच्या परवानगीनं सोबत घेतलं.

रिसॉर्टवाला म्हणजे तोच गोडबोल्या. त्यानं चहा मागवला आणि फाइल पुढे केली. कोलकात्याहून घेतलेल्या तशाच एका गाडीची कागदपत्रं होती, जुनी, खरी. चासी नंबरची पट्टी जुळत होती. पण त्या काळच्या गाड्यांना ती दोन रिबिटांवर असते आणि एकीची दुसरीला लावायला दहा मिनिटंही लागत नाहीत. इंजिनच्या नंबरवर ग्राइंडर फिरवलेला होता. "मी घेतली तेव्हा असाच होता," तो म्हणाला. जपानी इंजिन, डिस्क ब्रेक? "हल्ली सगळेच शौकीन बसवतात, साहेब." संशय घ्यायला जागा होती, पण संशयावर कोर्ट गाडी देत नाही.

मी भाईला पुढे केलं. त्यानं बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. डावं दार उघडलं, हळूच लावलं, कान देऊन आवाज ऐकला. पुन्हा उघडलं, लावलं. मग म्हणाला, "माहीच हाय."

"पुरावा?"

त्याचा हात दारावर होता. ओठ हलले, आणि त्यानं मान खाली घातली. "नाई सांगू शकत, साहेब."

तिथे माझी ट्यूब पेटली. गाडी त्यानं विकली असती, तर 'ही नाही' म्हणून मोकळा झाला असता. चोराला चोरीचा माल ओळखून काय मिळणार? पुरावा त्याला ठाऊक होता आणि त्या पुराव्यानं तो सुटलाही असता. तरी सांगत नव्हता, म्हणजे सांगितल्यानं दुसरं कुणीतरी बुडणार होतं. माझं एकोणतीस वर्षांचं सूत्र त्या शेडमध्ये मोडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलेली होती, आणि ती मी दिली होती. गाडी जागेवरच जप्त केली, पहारा बसवला आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना ठाण्याच्या पायरीवर एक माणूस येऊन बसला. सडपातळ, पांढरे केस, खांद्याला हत्यारांची पिशवी. अहेरीच्या बाजारात त्याला भाईच्या अटकेची बातमी कळली होती आणि तीन गाड्या बदलून तो आला होता. जंगलातल्या गावचा गोंड सुतार. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "लाकूड मी देलो साहेब. माह्यावर केस करा, भाईले सोडा."

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं.

सागवान त्याला घराच्या दारासाठी मिळालं होतं. वनविभाग गावकऱ्यांना घरापुरतं लाकूड सवलतीत देतो. ते विकता येत नाही, दुसऱ्याच्या कामाला वापरता येत नाही. त्याच्याकडे ते सहा वर्षं वाळत पडलं होतं. भाईला गाडीसाठी असंच मुरलेलं लाकूड हवं होतं, कारण ओलं बसवलं की पत्र्याच्या आत पिळतं. सुतारानं घराचं दार लांबणीवर टाकलं आणि लाकूड गाडीत घातलं.

"काऊन?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"असी गाडी जिंदगीत एकडाव हाताखाली येते, साहेब."

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या भागात वनविभागाच्या लाकूड-आगारातून निघणाऱ्या प्रत्येक लाकडावर सरकारी हातोड्यानं शिक्का आणि नंबर ठोकतात. जंगलातला माणूस तो शिक्का कधीही रंध्यानं काढत नाही. शिक्का गेला की खरं लाकूडही चोरीचं ठरतं. चौकट करा, खाट करा, शिक्क्याची बाजू जपून आत वळवायची, हा तिथला रिवाज. हा गुन्हा करतानाही त्याच्या हाताला तीच सवय होती. "डाव्या दाराच्या आत, खालच्या पट्टीले हाय," तो म्हणाला. "आगाराची चिठ्ठी घरी हाय, नंबर मले पाठ हाय."

ज्या शिक्क्यानं भाई सुटणार होता, त्यानंच हा माणूस अडकणार होता. भाई पाच दिवस हेच गिळून बसला होता.

मी घाई केली नाही. आधी जबाब लिहून घेतला, शिक्क्याची जागा आणि नंबर त्यात घातला, सही घेतली. मगच वनपाल आणि दोन पंच घेऊन मोहर्ली गाठली. रिसॉर्टवाल्याच्या देखत डाव्या दाराचं अस्तर सोडवलं. खालच्या पट्टीवर अहेरीजवळच्या आलापल्ली आगाराचा शिक्का होता आणि जबाबातलाच नंबर होता. कोलकात्याच्या गाडीत आलापल्लीच्या जंगलातलं सागवान कसं आलं, हे मी त्याला शांतपणे विचारलं. त्यानं पुन्हा चहा मागवला. चहा येईपर्यंत तो बोलू लागला होता.

शेडचं कुलूप त्यानंच भाईला ईदची भेट म्हणून दिलं होतं. चांगल्या कुलपाला तीन किल्ल्या येतात. भाईला दोन मिळाल्या. भेटीच्या किल्ल्या कोण मोजतो? पण त्या मोजणं माझं काम होतं, आणि मी सुताराच्या मागे धावत राहिलो.

भाईला सोडण्याचा अहवाल त्याच दिवशी कोर्टात दिला. सुताराचं प्रकरण मी दाबलं नाही, दाबायचा मला हक्कही नव्हता. पण तो आपणहून आला, त्याच्यामुळे गुन्हा उघड झाला, असं पत्र वनविभागाला लिहिलं. दंडावर मिटलं आणि तो दंड डॉक्टरांनी भरला. गाडी त्यांना कोर्टाच्या हुकमानं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, मिळाली.

त्यानंतर मी साध्या कपड्यात भाईच्या दुकानी गेलो. शेडमध्ये एकही गाडी नव्हती. ठाण्यात जाऊन आलेल्या माणसाकडे लोक इंजिन टाकत नाहीत. मी म्हणालो, "भाई, माझं चुकलं. माफ करा."

तो हात पुसत म्हणाला, "साहेब, तुमी एकट्यात बोलून राह्यले. मले नेलं तवा तं पुरा बाजार पाहून राह्यला होता."

"मग काय करू, सांगा," मी म्हणालो.

"काई नको मले. येत्या बाजारी वर्दीत या अन् इथी बाहेर बाकड्यावर बसून चहा प्या. बस."

मी गेलो. पूर्ण गणवेशात, टोपीसह, भर दुपारी. भाई एका ट्रॅक्टरखाली शिरला होता, बहुधा स्वतःच्याच. लोक थबकत, बघत, पुढे जात. मान ताठ ठेवून बसणं मला नोकरीत इतकं जड कधी गेलं नव्हतं. शेवटी भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी थांबली. "काऊन जी ठाणेदार, पुना धराले आले का भाईले?"

मी उभा राहिलो आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाही बाई. माफी मागायला आलो. भाईंचा काही गुन्हा नव्हता. मी चुकीच्या माणसाला धरलं होतं."

ट्रॅक्टरखालचा पान्याचा आवाज थांबला.

गप्प राहणाऱ्या माणसाकडे पाहताना, तो काय लपवतो याच्या आधी कुणाला जपतो हे विचारावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. आणि दुसरं, जे सांगताना आजही आवाज खाली येतो: चूक वर्दीत केली असेल, तर माफीही वर्दीतच मागायची.