एकशे वीस रुपयांची कॅसेट

८ ऑक्टोबर १९९५, रविवार. रक्कम तीन हजार चारशे पन्नास. कल्याणच्या दुकानात हजर: मी, सातवीतली माझी मुलगी आणि दुकानदार. खिशात आणखी बाराशे रुपये होते, पण ते माझे नव्हते. मुरबाडला आमच्या शेजारच्या खोलीत एसटीतले एक कंडक्टर राहत. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. दोघींनी ठरवलं होतं की दोन्ही घरांनी एकसारखाच व्हिडिओ गेम घ्यायचा आणि कॅसेटी आलटून पालटून वापरायच्या. ते बाराशे त्यांच्या मशीनचे.

दुकानदाराने दोन मशीन पुढे ठेवल्या. एक आठ बिटची, एक सोळा बिटची, नुकतीच आलेली.

"साहेब, आठवाली वर्षभरात बंद. या दिवाळीला हीच चालणार."

मुलीने माझी बाही ओढली. "बाबा, तिची आठचीच आहे ना? मग आपली पण तीच घ्या."

मी ऐकलं नाही. कंडक्टरांसाठी सांगितल्याप्रमाणे आठची घेतली आणि घरासाठी सोळाची. येताना एसटीत मुलीला आठ आणि सोळातला फरक समजावला. ती खिडकीबाहेर बघत होती.

पहिले पंधरा दिवस चाळीतली सगळी मुलं आमच्याकडे. कंडक्टर दारात उभे राहून म्हणाले, "दादा, तुमची फुल तिकीट, आमची हाफ!" मला बरं वाटलं.

आमच्या मशीनबरोबर एकच कॅसेट होती, गाड्यांच्या शर्यतीची. ती सगळ्यांची खेळून झाली. दुसरी कल्याणलाच मिळे, साडेसहाशेला. आठ बिटच्या कॅसेटी मात्र मुरबाडच्या स्टँडसमोर एका टपरीत टांगलेल्या असत, एकशे वीसला एक. चाळीत आणखी तीन घरांनी आठवालीच मशीन घेतली. कॅसेटींवर स्केचपेनने नावं पडली आणि त्या घरोघर फिरू लागल्या. आमची त्या मशीनमध्ये बसत नव्हती आणि त्यांची आमच्यात.

मुलं पुन्हा कंडक्टरांकडे जमू लागली. माझी मुलगीही जाई. पण मुलांनी नियम केला होता: ज्याची कॅसेट, त्याची पहिली पाळी. हिच्याकडे द्यायला कॅसेट नाही, म्हणून हिची पाळी शेवटी. ती येईपर्यंत टीव्हीवर बातम्या लागत आणि मशीन बंद होई. मैत्रीण एकदा म्हणालीसुद्धा, "हिला खेळू दे रे आधी." त्यावर एक पोरगा म्हणाला, "का म्हणून? हिच्या घरी मोठी मशीन हाय ना!"

दिवाळीची सुट्टी संपता संपता मुलगी माझ्याजवळ आली.

"बाबा, मला एक आठवाली कॅसेट घेऊन द्याल?"

"अगं, मशीन कुठाय आपल्याकडे तसली?"

"मशीन नको. नुसती कॅसेट."

मी हसलो. मशीन नसताना कॅसेट घ्यायची म्हणजे बैल नसताना घुंगरमाळ, असं काहीतरी बोललो. बायको आतून म्हणाली, "मागतेय तर घेऊन द्या की." मी म्हणालो, वर्षभर थांब, सगळे आपलीच मशीन घेतील. मुलीने कॅसेट पुन्हा कधी मागितली नाही. हळूहळू शेजारी जाणंही थांबलं. शाळेला दोघी वेगवेगळ्या निघू लागल्या. मी ते पाहिलं आणि अभ्यासाला लागली असेल, असं समजलो.

सोळावाली चाळीत दुसऱ्या कुणीच घेतली नाही.

१९९७ च्या जूनमध्ये कंडक्टरांची शहापूरला बदली झाली. टेम्पो दारात लागला तेव्हा माझी मुलगी घरात पुस्तक उघडून बसली होती. पान मात्र उलटत नव्हती. तेव्हा कुठे मला ती नुसती कॅसेट आठवली. तिला मशीन नकोच होती, तिला पाळी हवी होती. मी चपला घालून स्टँडवर गेलो, कॅसेट आणली आणि तिच्या हातात दिली. "जा, देऊन ये तिला."

ती गेली आणि पाच मिनिटांत परत आली. हात रिकामे होते.

"घेतली का तिने?"

"घेतली. मशीन ट्रंकेत बांधलीय म्हणाली." मग थोड्या वेळाने, "चांगली आहे म्हणाली."

टेम्पो गेला. दोघींची पुढे पत्रं झाली नाहीत.

एकूण दिले ते असे: तीन हजार चारशे पन्नास, कल्याणच्या दुकानदाराला. एकशे वीस, स्टँडसमोरच्या टपरीवाल्याला, एकोणीस महिने उशिरा.