पेनड्राइव्हमधला हिचा धवला

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

आमची ही धवलारीण होती, लग्नात धवले म्हणजे लग्नविधींची गाणी गाणारी. मुरबाडकडच्या कितीतरी लग्नांत गायली. ती गेली, आवाज एका पेनड्राइव्हमध्ये राहिला. रविवारी नातीची हळद आहे आणि तिला आजीचाच धवला हवाय.

आज सुनेने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फायली ढीगभर, म्हणून तिने हिचं नाव टाकून शोधलं. बराच वेळ काहीच येईना.

मी म्हटलं, “गावात नावाने कोण हाक मारायचं गो? बाळूची आय लिही.”

“थांबा आबा, बाहेरचा ड्राइव्ह हाय. लॅपटॉपकडं त्याची यादी नाय, एकेक फाईल बघतोय.”

हिरवी पट्टी पुढे सरकत होती. मला वाटलं, आवाज पुसला जातोय. घाबरून मी पेनड्राइव्ह उपटला.

“आबा, काय केलंत!”

आता लावला की ‘फॉरमॅट करा’ एवढंच येतं. आम्ही काहीच दाबलेलं नाही. सगळं गेलं असेल का हो?

तुमच्या घरच्या लग्नात बाळूची आय गायली असेल, तर तुमच्या ड्राइव्हमध्ये बघा. हिच्या नावाने सापडणार नाही. शूटिंगवाले फायली नवरीच्या नावाने ठेवतात. एक धवला मिळाला तरी पुरे. लवकर कळवा.