धावण्याला कारण लागतं

पहाटे दार उघडलं की आधी वास येतो. रात्रभर दवात भिजलेल्या केळीच्या पानांचा ओलसर, किंचित आंबूस वास. त्यात पॉवरलूमच्या कारखान्यांतला सुताच्या खळीचा वास मिसळलेला, आणि या दोन्हींच्या तळाशी, अगदी मंद, तापीच्या गाळाचा. लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी मागांची खटखट तेवढी जागी असते. मी बुटांच्या नाड्या आवळते, केसांना रबर लावते आणि धावायला लागते. गल्ली संपते, घरं विरळ होत जातात, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू होतात, आणि त्या हिरव्या काळोखातून नदीकडे जाणारा रस्ता हळूहळू उजळत माझ्यासमोर उलगडत जातो. या जगात जिला निव्वळ माझी म्हणता येईल अशी गोष्ट एवढीच आहे.

एवढीच आहे, तर ती मला सुखानं करू द्यावी की नाही? तुम्हीच सांगा!

पण नाही. आमच्या बुऱ्हाणपुरात धावणारं माणूस म्हणजे संकटात सापडलेलं माणूस, याविषयी कुणाच्याही मनात शंका नाही. सुरुवातीच्या दिवसांत केळीच्या व्यापाऱ्यांच्या मोटरसायकली माझ्याजवळ येऊन कचकन थांबायच्या. “मॅडम, बस चुकली का? बसा, छोडून देतो.” मी म्हणायची, नाही, मी धावतेय. “ते दिसतंय ना. पन जायचं कुठं?” कुठंच नाही, असं मी म्हटलं की त्या सज्जनांचा चेहरा दुखावल्यासारखा व्हायचा. परक्या माणसाच्या गाडीवर बसायला बाई संकोचते आहे, असा त्यांचा समज व्हायचा, आणि मग केवळ सदसद्विवेकबुद्धीला स्मरून ते माझ्या बाजूनं, माझ्याच गतीनं, पार नदीपर्यंत गाडी चालवत यायचे. त्या गाडीचा धूर छातीत भरून घेत मी धावायची. एका पहाटे तर कहर झाला. समोरून एक म्हातारे शेतकरी बागेतून येत होते. त्यांनी मला धावत येताना पाहिलं, माझ्या मागं काय आहे ते पाहिलं, काही दिसलं नाही तरी उगाच जोखीम नको म्हणून ते वळले आणि स्वतःच पळत सुटले. “काका, काही नाही, काही नाही!” असं ओरडत मी त्यांना गाठायला गेले, तसे ते आणखी जोरात पळाले. त्या वयात त्यांचा वेग माझ्यापेक्षा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

रस्त्यावरची माणसं एक वेळ परवडली. ती मायेनं चुकतात. खरा जीव मेटाकुटीला येतो तो बसून बोलणाऱ्यांपुढे. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत माझ्या धावण्याचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. “कुठवर जाता?” नदीपर्यंत. “मग?” मग परत येते. यावर कुणीतरी गंभीरपणे विचारतं, “जाऊन परतच यायचं तर जाता कायले?” या प्रश्नाला उत्तर आहे का? शाळेतही आपण रोज येतो आणि परत जातो, जन्माला येतो तेही जाण्यासाठीच, हे सगळं माझ्या ओठांवर येतं आणि मी डब्यातली भाजी चघळत राहते. एकजण गुडघ्यांविषयी सांगतात. त्यांचे स्वतःचे गुडघे न धावताच गेले आहेत, पण सांगताना त्यांचा अधिकार वाखाणण्यासारखा असतो. एक मैत्रीण हळहळून म्हणते, “तुला घरात कामं कमी पडतात का गं?” आणि एकाला फक्त बक्षिसात रस असतो. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, पेपरात फोटो नाही, तर मग हे कुणाच्या हुकमावरून चाललं आहे, हे त्याला कळेनासं होतं.

गंमत अशी की संध्याकाळी हीच माणसं ओट्यावर तासन्‌तास बसून असतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही की बाबांनो, का बसता? बसण्यातून काय मिळतं? किती वर्षं बसणार? बसण्याला कारण लागत नाही. धावण्याला लागतं. बाईच्या धावण्याला तर दोन लागतात.

मी सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. एकदा, मन जरा मोकळं असताना, मी त्या मैत्रिणीला खरंखुरं सांगू लागले. म्हटलं, पहिला टप्पा निव्वळ यातनेचा असतो. श्वास आणि पावलं यांचं नवराबायकोसारखं भांडण चाललेलं असतं. मग बागांच्या मध्यावर, कुठल्यातरी क्षणी, कसं ते कळत नाही, पण ते भांडण मिटतं. शरीर आपलं आपण धावू लागतं आणि मन रितं, निर्मळ होत जातं. त्या वेळी मी कुणाची सून नसते, शाळेतली बाई नसते, नववीच्या न तपासलेल्या पेपरांची धनीण नसते. मी नुसती असते. पूर्वेला फटफटत असतं, पानांवरून पाणी ठिबकत असतं, आणि आपल्याला काहीही नको आहे, हे इतक्या स्वच्छपणे जाणवतं की डोळे भरून येतात. मैत्रिणीनं माझ्या हातावर हात ठेवला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “मग वजन किती उतरलं?”

त्या दिवसापासून मी गप्प बसायचं ठरवलं. आणि आश्चर्य म्हणजे, हळूहळू गल्लीतले प्रश्नही थांबले. मोटरसायकली थांबेनाशा झाल्या. उलट ओट्यावरच्या बायका माझ्याकडे पाहून समजूतदारपणे मान हलवू लागल्या. मला वाटलं, चला, गावाला सवय झाली. आपल्या चिकाटीनं माणसं बदलली! किती भोळी होते मी! कारण त्याच सुमारास आणखी काही गोष्टी घडू लागल्या होत्या. शेजारी गेलं की माझ्यापुरता चहा बिनसाखरेचा येई. कुणी मेथीदाण्याची पूड आणून देई, कुणी जांभळाच्या बियांची. एका सकाळी दारात कारल्याच्या रसाची बाटली होती. मी ती घेतली, आभार मानले आणि सिंकमध्ये ओतली. माणसं चमत्कारिक असतात, एवढाच निष्कर्ष मी काढला.

उलगडा झाला तो गल्लीतल्या एका बारशाला. मावा जिलेबी आली होती. गरम, काळसर, पाकानं जड झालेली. तिचा वास आल्यावर मी कधीही सभ्य राहू शकलेले नाही. मी हात पुढे केला, आणि यजमानीण बाईंनी ताट झटकन मागं घेतलं. “आगं माय, यांना नका देऊ! यांना शुगर आहे ना. म्हनून तर बिचाऱ्या रोज पळतात.” माझ्या हातात काकडीची फोड आली. मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पाळण्यातल्या बाळाकडे अशा एकाग्रतेनं पाहत होत्या, जणू बाळ आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्याआल्या विचारलं, “आई, मला शुगर कधी झाली?” सासूबाईंनी शांतपणे मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि पानं खुडता खुडता सांगितलं, “तू पहिल्यांदा पळाली ना, त्याच दिवशी. समोरच्या काकूनं इचारलं, सून कायले पळते? आता काय सांगू? हौस हाय म्हनून सांगू? हौसेनं पळनाऱ्या बाईले चार लोकं आडवतात, सुनबाई. आजारी बाईले कोनी नाही आडवत.” मी हतबुद्ध झाले. नवऱ्याकडे वळले, तर ते म्हणाले, “म्हणजे तुला शुगर नाही? मला वाटलं, मी काळजी करीन म्हणून तू सांगत नाहीस.” इतके दिवस घरात ती बेचव बिस्किटं का येत होती, तेही तेव्हा कळलं. ज्या माणसाच्या शेजारी मी एवढी वर्षं झोपते आहे, त्यालाही माझ्या आनंदापेक्षा माझा आजार अधिक पटण्याजोगा वाटला! कुणाकुणावर चिडायचं?

त्या रात्री मी ठरवलं की आता पुरे. उद्यापासून जो विचारेल त्याला ठणकावून सांगायचं, मला काहीही झालेलं नाही, मी धडधाकट आहे आणि मला आवडतं म्हणून मी धावते. वाक्य मनातल्या मनात घोळवून अगदी तयार ठेवलं होतं. माझं सुख मला दुखण्याच्या नावावर नको होतं. चोरून खाल्ल्यासारखं का धावायचं मी?

दुसऱ्याच संध्याकाळी शेजारची दीपाली आणि तिचा नवरा नितीन घरी आले. दीपालीचं लग्न होऊन फार काळ झालेला नाही. पहाटे मी निघते तेव्हा ती ओटा धूत असते आणि मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हातातला झाडू तसाच धरून उभी राहते. तिचं माहेर चांदनीचं, रेल्वेमार्गावरच्या एका लहानशा गावाचं. लहानपणी मालगाडी स्टेशनातून हलली की ही रुळांशेजारच्या पायवाटेनं तिच्याशी शर्यत लावायची, आणि गाडी वेग घेईपर्यंत जिंकायची, असं तिनं मला एकदा कुजबुजत सांगितलं होतं. गुन्हा कबूल करावा तसं. नितीन भला माणूस. मोबाईलचं दुकान चालवतो, आईच्या शब्दाबाहेर नाही. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, “भाभी, हिला आजकल लई थकवा येतो. रिपोर्ट तर सब नॉर्मल आहेत. पन ही म्हनते, तुमच्यासारखं पळून पाहते. आई म्हनते, नॉर्मल आहे तर पळायचं कायले? तुम्हीच सांगा. तुमची शुगर खरंच उतरली का पळून?”

माझं वाक्य तयार होतं. जिभेवर आलंही होतं. आणि तेवढ्यात मी त्याच्या मागं उभ्या असलेल्या दीपालीकडे पाहिलं. ती हात जोडत नव्हती, खुणावत नव्हती, काहीही करत नव्हती. फक्त माझ्या तोंडाकडे पाहत होती. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“उतरली,” मी म्हणाले. “पुष्कळ उतरली.” आणि मग माझी मलाच थांबवेना. नववीच्या वर्गात उभी असल्यासारखी मी स्वादुपिंड समजावून सांगितलं, रक्त समजावून सांगितलं. नॉर्मल असतानाच सुरुवात केलेली उत्तम, तुम्ही अगदी वेळेवर आलात, असं सांगितलं. नुसतं चालून भागत नाही, धावावंच लागतं, रोज लागतं, खंड पडून चालत नाही. नितीन एकेका वाक्याला मान डोलवत होता. धावण्याविषयी मी आजवर इतक्या जणांशी इतकं बोलले, पण माझं म्हणणं कुणाला पटलं असं हे पहिल्यांदाच झालं. आणि त्यात पहाट नव्हती, पानांवरचं पाणी नव्हतं, मी नव्हते. ते गेल्यावर सासूबाईंनी माझ्यासाठी चहा ठेवला. साखर घातलेला. त्याचीही मला चीडच आली.

आता दीपाली माझ्याबरोबर येते. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला करकचून बांधते, नितीननं आणून दिलेले बूट घालते आणि बागा लागल्या की माझ्या कितीतरी पुढे निघून जाते. मला याचाही थोडा राग येतो. इतकी वर्षं घाम मी गाळला आहे! पण तिच्याशी बोलण्याचा त्रास नाही. ती कुठवर, कशासाठी, किती उतरलं, काही विचारत नाही. दुरून तिची पावलं ऐकू येतात, मग येत नाहीत, आणि मी नदीवर पोचते तेव्हा ती उतारावर उभी राहून, कमरेवर हात ठेवून, पाण्याकडे पाहत असते. तिचा चेहरा मी त्या वेळी पाहते आणि मला ओळखीचा वाटतो.

परवा पहाटे मी धापा टाकत तिच्याजवळ पोचले, तेव्हा ती खळखळून हसत होती. कशाला हसतेस विचारलं, तर कशालाच नाही म्हणाली. मग तिनं हसू आवरलं. रस्त्यावर कुणी नाही ना, हे तिनं वळून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “भाभी, आपली शुगर कधी ठीक तर नाही होऊन जानार ना?”

“नाही होणार,” मी तिचा हात धरून म्हणाले. “मी होऊ देणार नाही.” ती पुन्हा हसली. मलाही हसू येत होतं, आणि त्याच वेळी असा संताप येत होता की तो नेमका कुणावर काढावा, हे कळत नव्हतं. समोर तापी संथ वाहत होती, दिवस उजाडत होता, आणि दोन धडधाकट बायका तिच्या काठावर, आपण बऱ्या तर होणार नाही ना, या धास्तीनं एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या.