गयामावशीचं सबंध वाक्य

गयामावशीच्या मेसमध्ये ताटाआधी अपमान वाढला जायचा. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक जोरात आलं होतं. घराघरावर 'रूम भाड्याने मिळेल' अशी पाटी, आणि माहूरपासून शिरूर अनंतपाळपर्यंतच्या आईबापांनी आणून सोडलेली आम्हा भावी डॉक्टरांची खिल्लारं. मावशी तेलाचा डबा उपडा घालून दारात बसायची आणि येणाऱ्याचं तोंड बघून भविष्य सांगायची. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुला बघून डॉक्टर न्हाई रे आठवत, आजार आठवतो." मी छातीवर हात ठेवून तिला मुजरा केला. तेव्हापासून मी 'नाटक्या'. पुढे मी डॉक्टर झालो नाही; लातुरातच राहिलो आणि मावशीकडेच जेवत राहिलो. मावशीचं तोंड खोटं पडत नसे.

एकदाच पडलं. माझ्या शेजारी नांदेडचा एक गुबगुबीत, अबोल पोरगा जेवायचा. त्याचं नाव तिनं ढेकूळ ठेवलं होतं. "ह्याच्या हातानं मेलं तर मढ्यालाबी लाज वाटंल," असं ती त्याच्या ताटात वरण ओतता ओतता म्हणायची. ढेकूळ छातीच्या आजारांचा डॉक्टर झाला.

मावशीचं गाव भूकंपात बसलं होतं. कुणी हळहळून विचारलंच तर म्हणायची, "सासू गेली, धरणीमायचे उपकार. नवरा गेला..." आणि मग समोरच्याला दोन भाकऱ्या जास्त वाढायची, म्हणजे त्याचं तोंड बंद. लहानग्या बाळूला घेऊन तिनं पत्र्याच्या शेडमध्ये ओली लाकडं फुंकत दिवस काढले आणि मग लातूर गाठून मेस टाकली. 'चुलीवरची भाकरी' ही तिची पाटी. बाकीच्यांनी गॅस घेतला; मावशीनं घेतला नाही, कारण पालकांना चुलीचीच चव हवी होती. खिडकी नसलेल्या त्या खोलीत ती सकाळ-संध्याकाळ धूर गिळत बसायची. ढीगच्या ढीग भाकऱ्या आम्ही खाल्ल्या, धूर तिनं.

वीसेक वर्षांनी त्या धुरानं वसुली केली. मावशीचा दम गेला आणि तिच्या शिव्या आखडत गेल्या. आधी विशेषणं गळली, मग माणसाच्या खानदानाचे उल्लेख. शेवटी नुसतं "मेल्या" म्हणायलाही तिला दाराची चौकट धरावी लागायची. पंपातून औषधं ओढून झाली, ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं, तरी बसल्या जागी धाप. मी तिला गाडीत घालून नांदेडला ढेकळाकडे नेलं.

त्यानं सगळं नीट तपासलं. "मावशी, फुप्फुस काही आता परत मिळत नाही. पण दम कोंडल्याची जी घबराट मेंदूत बसते ना, ती थोडी उतरवणारं औषध आहे. मॉर्फिन. अगदी कमी मात्रा. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, बघू. जास्त झोप यायला लागली तर लगेच मला फोन. पोट साफ व्हायचं औषध सोबत देतो."

"म्हंजी... अफू?"

"त्याच घराण्यातलं."

मावशीचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिच्या गावाकडे रानात जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवून झोळीत टाकायच्या, म्हणजे ते दिवसभर गप पडायचं. तिनंही बाळूला तसंच वाढवलं होतं. लोक ज्याला जगवतात त्याला नव्हे, ज्याला गप करायचं असतं त्याला अफू देतात, एवढंच तिला ठाऊक.

"मला... गप... करून... राहिला व्हय?"

ढेकूळ हसला. "गप बसलात तर गोळी बंद. मग मला शिव्या कोण देणार?"

आठवड्यानं त्याला फोन आला. "ढेकळा, तुझं थोबाड अजून तसंच हाय, का मोठ्या खुर्चीत बसून सुधारलं?" एका दमात! छाती तशीच फाटकी होती, पण मावशी आता भिंत धरत धरत दारातल्या डब्यापर्यंत येऊन बसू लागली, आणि पोरांची भविष्यं पुन्हा सुरू झाली. महिनाभर आमची चंगळ.

मग एका पालकानं डब्याशेजारी पडलेली गोळ्यांची पट्टी उचलून नाव वाचलं. "मेसमध्ये अफू? पोरगं हितं डॉक्टर व्हायला पाठवलं का गर्दुल्ला व्हायला?" बाळू आता मालक झाला होता, वर दोन मजली होस्टेल होतं. त्यानं पट्टी झटकन खिशात घातली. "आई, नशा नको. पोरं जातील."

मी भांडलो, ढेकळानं फोनवरून बाळूची हजेरी घेतली. बाळू "हाव, हाव" म्हणायचा आणि खिशावरचा हात काढायचा नाही. मावशी गुडघ्यांवर हात रोवून, मासळीसारखं तोंड उघडून बसायची. जीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं काखेत मारलेली पोरं तिला वळसा घालून जेवायला जायची. त्यांची परीक्षा जवळ आली होती.

रविवारी पालक भेटायला आले. पंगत ऐन रंगात असताना मावशीनं डबा ओढत ओढत मधोमध आणला आणि त्याच गृहस्थाकडे बोट केलं.

"पेन."

त्यानं दिलं. मावशीनं पेन उघडून आतली रिफील काढली, रिकामी नळी त्याच्या हातात ठेवली. "तोंडात... धर. नाक... दाब. जिना... चढ."

गृहस्थ हौशी होते. पोरांकडे बघून डोळा मारला, नळी तोंडात धरली, नाक चिमटीत पकडलं आणि निघाले. पहिल्या मजल्यापर्यंत हशा होता. दुसऱ्याच्या वळणावर त्यांनी कठडा धरला. मग नळी थुंकून, लाल डोळ्यांनी धापा टाकत ते पायरीवरच बसले.

"तुला... थुकता... आली," मावशी खालून म्हणाली. "मला... न्हाई... येत."

घास कुणाचा उचलेना. मावशी बाळूकडे वळली. "तुला... चाटवून... कापूस... येचला. तवा... नशा... न्हवती?"

बाळूनं खिशातून पट्टी काढून तिच्या तळहातावर ठेवली. गृहस्थ खाली येऊन, "द्या हो, द्या त्यांची गोळी," असं हात जोडून म्हणाले आणि संध्याकाळी आपला पोरगा शेजारच्या मेसमध्ये हलवला. त्याच्यामागे आणखी काही गेले. बाळूनं गोळी मात्र पुन्हा चुकवली नाही.

आजारानं आपलं काम केलंच. हिवाळ्यात मावशीला उशांना टेकवून बसवलं होतं. ढेकूळ नांदेडहून आला होता, मी होतोच. तिनं बाळूला खूण केली. पोरगा रडत वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद.

"उगं तुझ्यावर अफू वाया घातली रे, तू तसाबी झोपलेलाच हुतास."

मध्ये कुठंही थांबली नाही. त्यानंतर ती काही बोलली नाही, दुपारी गेली. बाळू हे वाक्य अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आणि सांगताना पहिल्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतःही श्वास घेत नाही.